आडनाव हरवलेल्या ज्यू पणजोबांचा शोध कुठून सुरू करावा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे यजमान अमेरिकन ज्यू. त्यांचे पणजोबा हॅरी कूपर १९०७ च्या सुमारास ‘रशियातून’ न्यूयॉर्कला आले. पत्नी रोझ आणि दोन मुलं मागाहून आली. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडवर, म्हणजे परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणी नाक्यावर, अधिकाऱ्याला त्यांचं नाव उच्चारता येईना, म्हणून त्याने ‘कूपर’ लिहून टाकलं, असं घरात सगळे सांगतात. मूळ आडनाव कुणालाच ठाऊक नाही. लेकीला दोन्ही घरांचा वंशवृक्ष करायचाय. तुमच्या बाजूच्या आठ पिढ्या कुलवृत्तांतात आयत्या मिळाल्या, पण यजमानांच्या बाजूला हॅरींपाशी वाट खुंटते. आणि तुम्ही विचारताय की, मूळ आडनाव कुठल्या दफ्तरात मिळेल?

मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहास विभागात काम करते. गेली २२ वर्षं लोकांना अशा शोधात मदत करते आहे. अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगते. मूळ आडनाव ही शोधाची पहिली पायरी नाही, ते बहुतेक वेळा शेवटी हाती लागतं. तुम्हाला आधी तीन गोष्टी हव्यात: हॅरींचं ज्यू नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव. ही तीन मिळाली की आडनाव आपोआप समोर येतं. आडनावाच्या मागे धावलात तर भलत्याच कूपरांच्या घरात शिराल.

एलिस आयलंडची गोष्ट हजारो घरांत सांगितली जाते, म्हणून आधी तीच घेते. प्रवाशांची यादी न्यूयॉर्कला तयार होतच नव्हती. हॅम्बुर्ग, ब्रेमेन, रॉटरडॅम, लिबाऊ, लिव्हरपूल अशा बंदरांत, जहाज सुटण्यापूर्वी बोट कंपनीचे कारकून ती भरत. एलिस आयलंडवरचा निरीक्षक ती छापील तक्त्यावरची यादी पुढ्यात ठेवून एकेकाला प्रश्न विचारी आणि खुणा करी. तिथे यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोलभाषा), रशियन, पोलिश बोलणारे दुभाषे होते. नवं नाव लिहून द्यायला त्या टेबलावर ना कागद होता, ना अधिकार. नावं बदलली ती नंतर, आणि माणसांनी स्वतःहून बदलली: कुणी मुकादमाच्या सोयीसाठी, कुणी मुलांना शाळेत चिडवतात म्हणून, कुणी आधी आलेल्या मेव्हण्याने बदललं म्हणून. फसवणुकीचा हेतू नसेल तर अमेरिकेत नुसत्या वापराने नाव बदलता येई, कोर्टात जावंच लागत नसे. त्यामुळे ‘नाव बदलल्याचा कागद’ बहुधा अस्तित्वातच नसतो.

यजमानांच्या घरच्यांना मात्र ‘तुमची गोष्ट खोटी आहे’ असं तोंडावर सांगू नका. त्या गोष्टीत एक खरी गोष्ट आहे: नाव बदललं आणि ते बदलणं त्यांना बोचलं. शिवाय तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे. नाव नंतर बदललं असेल, तर जहाजाच्या यादीत जुनं नाव जसंच्या तसं असणार.

आता परिस्थितीवर अवलंबून काय काय आहे तेही सांगते. हॅरी कधी आले, नागरिक झाले की नाही, कुठे पुरले गेले, आणि त्यांच्या गावाचं दफ्तर युद्धातून वाचलं की नाही, यावर सगळं ठरतं. २७ सप्टेंबर १९०६ च्या आधी नागरिकत्व कुठलंही कोर्ट देई आणि कागदावर ‘रशियाच्या झारचा प्रजाजन’ यापलीकडे फार काही नसे. त्या तारखेनंतर देशभर एकच नमुना आला. जन्मगाव, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख, बायकामुलांची नावं आणि जन्मतारखा सगळं त्यात लिहावं लागे. जून १९०६ नंतर आलेल्या माणसाच्या अर्जासोबत तर आगमनाचा दाखलाही जोडत. सरकारी कारकून जहाजाची मूळ यादी काढून नाव पडताळी आणि मग तो दाखला निघे. म्हणजे हॅरी खरंच १९०७ ला आले असतील, तर कुण्या कारकुनाने तुमचं अर्धं काम शंभर वर्षांपूर्वीच केलेलं आहे.

तर कामाचा क्रम असा ठेवा: अमेरिकेतून मागे चला, रशियातून पुढे येऊ नका. जनगणनेपासून सुरुवात करा. १९१०, १९२० आणि १९३० च्या जनगणनेत परदेशी जन्मलेल्याचं आगमनाचं वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती विचारलेली आहे. ‘पा’ (Pa) म्हणजे नागरिक होण्याचा इरादा कळवणारा पहिला कागद भरला, ‘ना’ (Na) म्हणजे नागरिक झाला, ‘अल’ (Al) म्हणजे परकी. १९२० ला नागरिकत्वाचं वर्षही विचारलं होतं. आगमनाचं वर्ष दोन-तीन वर्षं इकडेतिकडे असतंच. उत्तर कुणी दिलं कोण जाणे, कदाचित शेजारणीनेही दिलं असेल. तिन्ही जनगणनांमधली वर्षं शेजारी मांडा आणि त्यांच्या मधला पट्टा धरा.

मग नागरिकत्वाचा अर्ज. त्यात खाली दोन साक्षीदार असतात. त्यांची नावं आणि पत्ते उतरवून घ्याच. साक्षीदार बहुतेकदा गाववाला किंवा नातलग असतो आणि त्याने आपलं आडनाव बदललेलं नसण्याची शक्यता चांगली असते. हॅरी १९२२ च्या आधी नागरिक झाले असतील तर रोझ यांचा वेगळा अर्ज शोधू नका. १९२२ च्या केबल कायद्यापर्यंत नवऱ्याबरोबर बायको आपोआप नागरिक होत असे. हॅरी नागरिक झालेच नसतील तर १९४० ची परकीयांची नोंदणी बघा. त्या अर्जात ‘देशात शिरताना कोणतं नाव होतं’ हा प्रश्न थेट विचारला आहे. शिवाय एप्रिल १९४२ मध्ये ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांची लष्करी नोंदणी झाली. म्हाताऱ्यांना लढायला कुणी नेलं नाही, पण त्या कार्डावर जन्मगाव लिहिलेलं असतं. हॅरी तेव्हा साठीच्या आसपास असणार.

न्यूयॉर्क शहराच्या जुन्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी म्युनिसिपल अर्काइव्हजने २०२२ पासून आपल्या संकेतस्थळावर फुकट बघायला ठेवल्या आहेत. त्यात एक जागा लोक हमखास विसरतात, ती म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या पहिल्या मुलाचा जन्मदाखला. घर तेव्हा नुकतंच बसलेलं असतं, आडनाव अजून बदललेलं नसतं, सुईण किंवा डॉक्टर जे ऐकू येईल ते लिहून मोकळे होतात. थोरल्या अमेरिकन मुलाचा दाखला एका आडनावाने आणि धाकट्याचा दुसऱ्याने, असं मी कितीदा पाहिलंय. म्हणून हा दाखला आडनावाने शोधू नका. मुलाचं नाव, जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव घेऊन शोधा.

आता थडग्याकडे येते, कारण माझा सगळ्यात जास्त भरवसा त्यावर आहे. ज्यू थडग्यावर इंग्रजीत ‘हॅरी कूपर’ असेल, पण वरच्या हिब्रू ओळींत ‘त्स्वी हिर्श बेन मोर्देखाय’ असं काहीतरी असतं. बेन म्हणजे मुलगा. म्हणजे आपला माणूस आणि त्याचे वडील, दोघं एका ओळीत मिळतात, आडनावाची गरजच नाही. तिथे हात दोन्ही पसरून बोटं फाकवलेली कोरली असतील तर घराणं कोहेन, म्हणजे पुरोहितांचं. झारी कोरली असेल तर लेवी, म्हणजे पुरोहितांच्या मदतनिसांचं. ही ओळख वडिलांकडून मुलाकडे जाते, म्हणून चुकीचा माणूस वगळायला फार उपयोगी पडते.

नाव दुहेरी का, ते मराठी वाचकाला पटकन कळेल. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये बांधणारे बेने इस्रायल (मराठी बोलणारे कोकणातले ज्यू) गृहस्थ सामाजी हसाजी दिवेकर. धर्मविधीत ते सॅम्युएल इझिकेल होते. सॅम्युएलचे सामाजी आणि वडील इझिकेल यांचे हसाजी झाले. माणूस एकच, सिनेगॉगमधलं नाव वेगळं, चारचौघांतलं वेगळं. पूर्व युरोपातही तेच. त्स्वी हे हिब्रू, हिर्श हे यिडिश, दोन्हींचा अर्थ हरीण, म्हणून जोडीनेच येतात. अशाच जोड्या दोव बेर, आर्ये लेब, झेएव वोल्फ. अमेरिकेत हिर्शचा हॅरी किंवा हॅरिस झाला. रशियन लिपीत ‘ह’ नाही, तिथे ‘ग’ लिहितात, म्हणून तोच माणूस रशियन कागदावर ‘गिर्श’ किंवा ‘गेर्श्को’ दिसेल. गिर्श मोर्दुखोविच असं दिसलं तर ‘मोर्दुखोविच’ हे आडनाव समजू नका, ते ‘मोर्देखायचा मुलगा’ आहे. रोझच्या बाबतीत जरा जपून. रोझ ही रेझेल असेल, रोखल असेल, रिव्हकेही असेल. ते तिच्या दगडावरूनच ठरवा.

आणि मुळात ही आडनावंच नवी. ऑस्ट्रियाने १७८७ ला, रशियाने १८०४ ला आणि पोलंडच्या रशियन अमलाखालच्या भागाने १८२१ ला ज्यूंना आडनाव घेण्याची सक्ती केली. हॅरी निघाले तेव्हा त्यांच्या घरातलं आडनाव जेमतेम शंभर वर्षांचं होतं. घराच्या खऱ्या ओळखीत वडिलांचं नाव होतं, गाव होतं. आपल्यासारखीच गावावरूनची आडनावंही आहेत: वारशाव्हस्की, पिन्स्की, विलेन्स्की. पुण्यातच राहणाऱ्याला जसं कुणी पुणेकर म्हणून ओळखत नाही, तसंच तिथेही. वारशाव्हस्की घराणं बहुधा वॉर्सा सोडून दुसरीकडे गेल्यावरच वारशाव्हस्की झालं.

‘कूपर’बद्दल तुम्ही खास विचारलंय. दोन वाटा मला दिसतात. एक भाषांतराची: कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा. यिडिशमध्ये त्याला बोदनर, युक्रेनियनमध्ये बोन्दार, पोलिशमध्ये बेदनाझ म्हणतात. दुसरी आवाजाची: कुपर, कुपरमन, कुपरश्मिट, कुपफरबर्ग, म्हणजे तांब्यावरून आलेली आडनावं. सगळ्यांना आवाजाची वाट आवडते, कारण ती सोपी वाटते. मीही त्यात एकदा फसले आहे.

एका निवृत्त शिक्षिकेच्या आजोबांचं आडनाव ग्लास होतं. ग्लासमन, ग्लासबर्ग, ग्लेझर अशी ‘ग्ल’ने सुरू होणारी सगळी आडनावं मी आठ महिने चाळली, हाती काही लागलं नाही. मग आजोबांना सोडलं आणि आजीला धरलं. १९१० च्या जनगणनेत परदेशात जन्मलेली चार मुलं होती: बार्नी, अॅनी, मॅक्स, फॅनी. वयं १३, ११, ८, ६. एकटा पुरुष यादीत हजारांत हरवतो. पण एक बाई आणि ठरावीक वयांची, ठरावीक क्रमाने आलेली चार मुलं, असा जथा दुसऱ्या कुणाचा जुळणं अवघड असतं. नावं यिडिशमध्ये परत नेली: बेर, हाने, मोत्ये किंवा मेंडेल, फेगे. आडनावाची जागा कोरी ठेवली आणि आईचं नाव, अंदाजे वय आणि वर्षांचा पट्टा देऊन शोधलं. तिसऱ्या दिवशी ती पाचजणं सापडली. आडनाव होतं श्क्लार्झ. पोलिशमध्ये श्क्लार्झ म्हणजे काच बसवणारा. आजोबांनी नावाचं भाषांतर केलं होतं आणि मी स्पेलिंग शोधत बसले होते.

पण जुळतंय म्हणजे तेच आहेत असं नाही. पुरावा त्याच जहाजाच्या यादीच्या शेवटच्या पानांवर मिळाला. एलिस आयलंडवर ज्यांना थांबवून ठेवत त्यांची वेगळी यादी असे. एकट्या बाईला आणि मुलांना न्यायला नवरा येईपर्यंत सोडत नसत, म्हणून थांबण्याचं कारण ‘नवऱ्याकडे’ असं लिहून पुढे त्याचं नाव आणि पत्ता येई. तिथला रस्ता आणि घर क्रमांक पहिल्या अमेरिकन बाळाच्या जन्मदाखल्यावरच्या पत्त्याशी तंतोतंत जुळला. तेव्हा कुठे मी त्या बाईंना फोन केला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, आजोबा खिडक्यांचंच काम करायचे.

तुमच्याकडे रोझ आणि दोन मुलं मागाहून आल्याची माहिती आहे. हीच तुमची सगळ्यात मौल्यवान गोष्ट आहे, आणि प्रश्नात ती तुम्ही ओझरती लिहिली आहे. १९०७ नंतरच्या यादीत मागे राहिलेल्या जवळच्या नातलगाचं नाव, गाव आणि जन्मस्थानही लिहिलेलं असतं. म्हणजे रोझच्या नोंदीत तिचे वडील किंवा सासरे आपल्या गावासकट भेटू शकतात.

आडनावाशिवाय शोधायला स्टीफन मोर्स यांच्या संकेतस्थळावरची ‘वन-स्टेप’ पानं वापरा. हे तेच मोर्स ज्यांनी इंटेलच्या ८०८६ चिपची रचना केली. शोधाच्या या सोयी त्यांनी लोकांसाठी फुकट ठेवल्या आहेत. तिथे नाव, वय, वर्ष, गाव, अगदी आडनावाची पहिली दोन अक्षरं देऊनही शोधता येतं. १८९९ पासून याद्यांत ‘वंश’ असा रकाना होता आणि ज्यूंसमोर ‘हिब्रू’ लिहीत, त्यावरूनही गाळता येतं. जिथे आडनाव द्यावंच लागतं तिथे डाइच-मोकोटॉफ साउंडेक्स निवडा. १९८५ मध्ये रँडी डाइच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी पूर्व युरोपीय नावांसाठी ही उच्चारावर आधारलेली पद्धत तयार केली. मॉस्कोविट्झची स्पेलिंगं कितीही बदलली तरी ती एकाच टोपलीत टाकते. जुन्या अमेरिकन साउंडेक्सला ते जमत नाही.

न्यूयॉर्कच्या यादीत नसतील तर लगेच हार मानू नका. फिलाडेल्फिया, बॉस्टन, बाल्टिमोर, टेक्सासमधलं गॅल्व्हस्टन, शिवाय कॅनडातून सीमा ओलांडून आलेले, या सगळ्यांच्या वेगळ्या याद्या आहेत. ‘एलिस आयलंड’ हा शब्द घराघरांत ‘अमेरिकेत येणं’ याच अर्थाने वापरला जातो. दुसऱ्या टोकाला हॅम्बुर्गहून सुटलेल्यांच्या १८५० ते १९३४ च्या याद्या बऱ्याचशा शाबूत आहेत. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र बहुतेक नष्ट झाल्या.

‘रशिया’ शब्दाने फसू नका. १९०७ चा रशिया म्हणजे आजचा लिथुआनिया, बेलारूस, युक्रेन, मोल्दोवा आणि पोलंडचा मोठा भाग. ‘मिन्स्क’ असं लिहिलं असेल तर ते शहर असेल किंवा मिन्स्क नावाचा अख्खा प्रांतही. घरात कुणी ‘ऑस्ट्रिया’ म्हणत असेल तर मला लगेच कळवा, कारण मग गालिसियाचा, म्हणजे तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असलेल्या आणि आज पोलंड-युक्रेनमध्ये विभागलेल्या प्रांताचा, विचार करावा लागेल. तिथे अनेक ज्यू लग्नं फक्त धर्मविधीने होत, सरकारात नोंदली जात नसत, आणि मुलं आईच्या आडनावाने नोंदली जात. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघतात ती त्यामुळे, कुणी लपवाछपवी केली म्हणून नाही.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात: करा, पण सगळ्यात शेवटी. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंची लग्नं शतकानुशतकं आपसातच झाली, म्हणून चाचणीत हजारो ‘दूरचे चुलत’ दिसतात, आणि कंपनीने सांगितलेलं नातं प्रत्यक्षात खूप मागचं असतं. मोठे अखंड तुकडे जुळणाऱ्या मोजक्या माणसांनाच पत्र लिहा.

आता सुरुवात. या आठवड्यात एकच काम करा: यजमानांच्या घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारा की हॅरी आणि रोझ यांना कुठे पुरलंय. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या ज्यू दफनभूमींत एकेका गावाहून आलेल्या लोकांच्या मंडळांनी जागा घेतलेल्या असत. त्यांना लांड्समनशाफ्ट म्हणतात, आपल्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांसारखीच. दफनभूमीच्या कार्यालयात फोन करून थडगं कोणत्या मंडळाच्या जागेत आहे ते विचारा. मंडळाच्या नावात बहुधा गावाचं नावच असतं. घरात अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची नावं आणि जन्मवर्षंही विचारून घ्या. अश्केनाझींमध्ये मुलाला वारलेल्या नातलगाचं नाव ठेवतात. समजा दगडावर हॅरींच्या वडिलांचं नाव मोर्देखाय निघालं आणि त्यांच्या एखाद्या नातवाचं हिब्रू नावही तेच असेल, तर हॅरींचे वडील तोवर वारले होते, असा अंदाज बांधता येतो.

दगडाचा फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना घ्या, म्हणजे कोरीव अक्षरांच्या बाजूला सावली पडते. सावली नसेल तर बाजूने आरशाने ऊन पाडा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा दाढीचा फेस लावू नका, दगड खराब होतो. पाठीमागची बाजू, शेजारची दोन-तीन थडगी आणि त्या जागेच्या प्रवेशद्वारावरची नावं, सगळ्यांचे फोटो हवेत. हिब्रू येत नसलं तरी काळजी नको, फोटो पाठवा, ओळी मी वाचून देते. रोझचा दगड बहुधा हॅरींच्या शेजारीच असेल. तिच्या वडिलांचं नावही त्याच फेरीत मिळून जाईल.